तोडलेल्या झाडाचे धुमारे आणि बुरशीचा उपाय

बांधावरची सुबाभूळ किंवा पडीक रानातील वेडी बाभूळ तोडली म्हणजे आपण मोकळे झालो असे वाटते. परंतु पहिले दोन पाऊस पडतात न पडतात तोच बुडख्याभोवती धुमाऱ्यांचे झुडूप उभे राहते. एका खोडाच्या जागी दहा-बारा फोक येतात. दुसऱ्या वर्षी कोयता चालवावा, तर तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच. बुडखे खणून काढायचे म्हटले तर मजुरी परवडत नाही, आणि जेसीबी लावला तर भाडे जाते ते जातेच, शिवाय खालची मुरमाड माती वर येऊन चांगली जमीन बिघडते. न काढावे तर कुळव अडकतो, ट्रॅक्टरच्या टायरला खुंट लागतो. मग कोणी बुडख्यावर रॉकेल ओततो, कोणी जळके ऑईल, कोणी खडे मीठ भरतो. भोक पाडून हिंग किंवा पारा भरण्याचा उपायही गावोगाव सांगितला जातो. यांपैकी मीठ आणि ऑईल यांनी बुडख्यापेक्षा जमिनीचेच नुकसान अधिक होते. पारा हे तर विष आहे, ते शेतात आणूच नये.

अलीकडे शेतकरी मेळाव्यांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. "बुरशी लावून बुडखा मारता येतो म्हणतात, ती बुरशी कोठे मिळेल?" काही देशांत असा उपाय शोधला गेला, वापरला गेला आणि विकलाही गेला, हे खरे आहे. मात्र तो आपल्याकडे जसाच्या तसा आणता येत नाही. त्याची कारणे नीट समजली नाहीत तर नको ती बाटली गळ्यात मारली जाण्याचा आणि त्याहून वाईट म्हणजे बागेत रोग ओढवून घेण्याचा धोका आहे. म्हणून हा विषय मुळापासून पाहू.

बुडखा पुन्हा का फुटतो?

झाड तोडले म्हणजे वरचा भाग गेला, मुळे जिवंतच असतात. पानांनी वर्षभर तयार केलेल्या अन्नातील बराच भाग मुळांत आणि बुंध्यात पिठूळ पदार्थाच्या म्हणजे स्टार्चच्या रूपाने साठलेला असतो. सालीखाली अनेक सुप्त डोळे असतात. शेंडा जिवंत असेपर्यंत त्यातून खाली येणारी संजीवके या डोळ्यांना दाबून ठेवतात. शेंडा गेला की हा दाब उठतो, डोळे जागे होतात आणि मुळांतील शिदोरीवर धुमारे फुटतात. काही झाडांत साल व लाकूड यांच्या सांध्यावर नवीन गाठ तयार होऊन तिच्यातूनही डोळे निघतात. उसाचा खोडवा ज्या न्यायाने येतो त्याच न्यायाने हे घडते.

सर्व झाडे सारखी फुटत नाहीत. सुबाभूळ, निलगिरी, ग्लिरिसिडिया, साग ही जोमाने फुटणारी झाडे. आपली देशी बाभूळ, विशेषतः जुनी झालेली, तोडल्यावर फारशी फुटत नाही. वेडी बाभूळ मात्र वेगळीच. तिचे डोळे जमिनीलगत आणि जमिनीखाली, बुंधा व मूळ जेथे मिळतात त्या मानेपाशी असतात. त्यामुळे ती जमिनीबरोबर कितीही साफ तोडली तरी उपयोग होत नाही.

फुटण्याचा हा गुण नेहमीच वाईट असतो असे नाही. ग्लिरिसिडियाचा पाला हिरवळीच्या खतासाठी वर्षातून दोन-तीनदा मिळतो तो याच गुणामुळे. येथे आपण फक्त नको असलेल्या बुडख्याचा विचार करत आहोत. तो मारायचा तर तीनच मार्ग उरतात. डोळ्यांसकट मान खणून काढणे हा पहिला. मुळांतील शिदोरी संपवणे हा दुसरा. साल व लाकूड यांच्यामधील ओलसर, निसरडा, जिवंत थर मारून टाकणे हा तिसरा. या थराला कॅम्बियम म्हणतात. रासायनिक औषधे हे तिसरे काम करतात आणि ज्या बुरशीची चर्चा आहे तीही हेच करते.

ताजा काप आणि पहिला पाहुणा

लाकडावर जगणाऱ्या बुरशींचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. काही केवळ मेलेल्या लाकडावर वाढतात. पावसाळ्यात जुन्या ओंडक्यावर येणारी भूछत्रे बहुतेक याच प्रकारातील. काही जिवंत, धडधाकट झाडावर हल्ला करतात. या दोहोंच्या मधला एक प्रकार आहे. तो निरोगी सालीतून आत शिरू शकत नाही, परंतु ताजी जखम मिळाली की आत जातो, जिवंत थर मारतो आणि मग मेलेले लाकूड खातो. बुडख्याच्या कामाची बुरशी ती हीच.

ताजा कापलेला बुडखा म्हणजे उघडे ठेवलेले दूध. हवेत अनेक बुरशींचे बीजाणू सतत फिरत असतात. जो आधी येऊन बसला त्याची सत्ता. ही गोष्ट वनशास्त्रात प्रथम कामाला लावली ती इंग्लंडमधील केंब्रिजच्या जॉन रिशबेथ यांनी. तेथील थेटफर्ड येथे पाइनची मोठी लागवड आहे. विरळणीसाठी झाडे तोडली की ताज्या बुडख्यांवर हेटेरोबॅसिडिऑन नावाची मूळकुजीची बुरशी उतरायची आणि मुळामुळांतून शेजारच्या उभ्या झाडांना लागायची. रिशबेथ यांनी १९५० ते १९६० च्या दशकांत असे दाखवून दिले की, उभ्या झाडांना त्रास न देणाऱ्या फ्लेबिऑप्सिस जायगँशिया या बुरशीचे बीजाणू तोडणीबरोबरच बुडख्यावर लावले तर ती जागा आधीच भरून जाते आणि रोगाला शिरकाव मिळत नाही. हा उपाय युरोपात आजही वापरात आहे. फिनलंडमध्ये तयार झालेले 'रॉटस्टॉप' हे त्याचे उदाहरण होय. पाइनचा बुडखा फुटत नाही, त्यामुळे तेथे धुमाऱ्यांचा प्रश्न नव्हता. पण वेळ साधून आपल्याला हवी ती बुरशी बुडख्यावर बसवता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

द्राक्ष व डाळिंब बागायतदारांना हे समजायला अडचण पडू नये. छाटणीनंतर कापावर आपण बोर्डो पेस्ट लावतो ती बुरशी आत जाऊ नये म्हणून. येथे त्याच्या नेमके उलट करायचे आहे. कापावर लावायच्या पेस्टमध्येच बुरशी घालायची आहे.

हॉलंडमधील जंगलाची पीडा

अमेरिकेतील काळी चेरी, प्रूनस सेरोटिना, हॉलंडमध्ये मुद्दाम लावली गेली. वाळूच्या हलक्या जमिनी सुधाराव्यात, वारा अडावा, पाइनच्या जंगलाला आगीपासून आडोसा मिळावा, असे हेतू होते. पुढे तिने इतका पसारा मांडला की डच लोक तिला 'बोसपेस्ट' म्हणजे जंगलाची पीडा म्हणू लागले. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आणलेल्या वेड्या बाभळीची कथा याहून फार वेगळी नाही. चेरी तोडली की दुप्पट जोमाने फुटे आणि बुडख्यावर रासायनिक तणनाशक लावण्यास लोकांचा विरोध वाढत होता.

वाखेनिंगेन येथील शास्त्रज्ञांनी कॉन्ड्रोस्टेरियम परप्युरियम ही बुरशी निवडली. ती बाहेरून आणलेली नव्हती. हॉलंडच्या जंगलात, ताज्या बुडख्यांवर आणि तुटलेल्या फांद्यांवर ती आधीपासूनच होती. तिची जांभळट कडांची, एकावर एक रचलेली फळे तेथे सर्वत्र दिसतात. ताज्या कापावर तिचे तंतू लावले की ते जिवंत थरात पसरतात, धुमारे एक तर येत नाहीत किंवा दुबळे येऊन वाळतात, आणि एक-दोन हंगामांत बुडखा मरतो.

पण येथेच खरा पेच होता. हीच बुरशी आलुबुखाराच्या बागेतील 'रुपेरी पान' या रोगाचे कारण आहे. ती छाटणीच्या जखमेतून शिरते. तिने तयार केलेल्या विषारी द्रव्यामुळे पानाची वरची त्वचा आतल्या भागापासून सुटते, मध्ये हवा भरते आणि पान चांदीसारखे चमकू लागते. पुढे फांदी मरते आणि कधी संपूर्ण झाडही जाते. जंगलातील हजारो बुडख्यांवर ही बुरशी लावायची म्हणजे त्यावर हजारो फळे येणार, बीजाणू वाऱ्यावर जाणार आणि शेजारच्या शेतकऱ्याची बाग धोक्यात येणार. जंगल खात्याचा फायदा आणि बागायतदाराचा तोटा, असा हा प्रश्न होता.

तेथील डी यॉंग, स्खेपेन्स व झाडोक्स या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न टाळला नाही. १९९० मध्ये त्यांनी धोक्याचे गणित मांडून प्रसिद्ध केले. उपचार केलेल्या जंगलातून किती बीजाणू बाहेर पडतील, झाडीतून निसटून किती वर जातील, किती अंतरावर किती उतरतील, आणि मुळात हवेत असलेल्या बीजाणूंच्या तुलनेत ही भर किती, असा तो हिशेब होता. बागांपासून ठरावीक अंतर राखले तर वाढीव धोका नैसर्गिक धोक्यापेक्षा मोठा नाही, असा निष्कर्ष निघाला. माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत मोलाचे काम हेच आहे. बुरशीने बुडखा मरतो हे दाखवणे तुलनेने सोपे होते. शेजाऱ्याच्या बागेचे काय होईल याचे उत्तर आकड्यांत देणे अवघड होते, आणि ते वापर सुरू होण्याआधी दिले गेले.

पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'बायोकॉन' या नावाने हे उत्पादन हॉलंडमध्ये बाजारात आले. परंतु खप बेताचाच राहिला आणि काही वर्षांतच ते बंद पडले. शास्त्र चांगले होते, बाजार लहान होता. जैविक उत्पादनांच्या बाबतीत असे वारंवार घडते.

दक्षिण आफ्रिकेतील काळी वॉटल

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण ते बाभळीच्या कुळातील झाडाचे आहे. ऑस्ट्रेलियातील काळी वॉटल, अकेशिया मियर्न्सी, दक्षिण आफ्रिकेत एकोणिसाव्या शतकात आली. तिच्या सालीत कातडे कमावण्यासाठी लागणारे टॅनिन भरपूर असते. आपल्याकडे बाभळीची साल याच कामी येत असे. हे झाड लागवडीतून सुटून नद्या-ओढ्यांच्या काठांनी पसरले आणि पाणी पिऊ लागले. १९९५ मध्ये तेथील सरकारने 'वर्किंग फॉर वॉटर' हा कार्यक्रम सुरू केला. परकी झाडे तोडून नद्यांचे पाणी वाढवायचे आणि त्या कामावर गरिबांना रोजगार द्यायचा, अशी ही योजना. तोडलेली वॉटल मात्र बुडख्यापासून पुन्हा फुटे.

येथेही एक पेच होता. क्वाझुलू-नाताल भागात वॉटलची लागवड हा मोठा उद्योग आहे. उभ्या झाडाला मारणारा रोग किंवा कीड सोडली असती तर लागवडदारांचे कंबरडे मोडले असते. म्हणून फक्त तोडलेल्या बुडख्यावर काम करणारी आणि निरोगी झाडाला हात न लावणारी बुरशी हवी होती. स्टेलेनबॉश येथील संशोधकांना ती वॉटलच्या मरणाऱ्या बुडख्यांवरच सापडली. सिलिंड्रोबॅसिडियम लीव्ही हे तिचे नाव. तिचे बीजाणू तेलात मिसळून 'स्टंपआउट' हे उत्पादन तयार झाले आणि १९९७ मध्ये त्याची नोंदणी झाली. ताज्या कापावर ते लावले की वर्षभरात बहुतेक बुडखे मरत असल्याचे आढळून आले. हीच काळी वॉटल तमिळनाडूतील निलगिरी व पळणी डोंगरांतही इंग्रजांच्या काळात लावली गेली आणि तेथील गवताळ माळ तिने व्यापले. म्हणजे हा प्रश्न आपल्या देशाला अगदीच परका नाही.

कॅनडात हॉलंडचीच बुरशी, पण तेथील स्थानिक वाण घेऊन काम झाले. रॉन वॉल या वनशास्त्रज्ञाने १९९० मध्ये तिच्यावरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. विजेच्या तारांखाली आणि सूचिपर्णी रोपवनांत वाढणारी अल्डर, ऍस्पेन, बर्च ही झाडे वारंवार तोडावी लागत. २००० नंतरच्या काही वर्षांत 'मायको-टेक' व 'कॉन्ट्रोल' ही दोन उत्पादने तेथे नोंदली गेली. दोन्ही पेस्टच्या रूपात असून तोडणी झाल्याबरोबर कापाच्या कडेने, म्हणजे जेथे जिवंत थर आहे तेथे, वर्तुळाकार लावायची असतात. उशीर झाला की दुसरी बुरशी जागा धरते. पेस्टमध्ये जिवंत तंतू असल्याने ती थंड जागी ठेवावी लागते. शिवाय सर्व जातींवर परिणाम सारखा होत नाही.

या तिन्ही ठिकाणी एक सूत्र समान आहे. बुरशी त्याच प्रदेशातील होती, फक्त ती मोठ्या प्रमाणात वाढवून प्रत्येक बुडख्याला हाताने लावली गेली. गाजर गवतावरचे मेक्सिकन भुंगे आपल्याकडे १९८४ मध्ये सोडले गेले, तेव्हा पद्धत वेगळी होती. परदेशातील शत्रूकीटक तपासून आणायचे, एकदा सोडायचे आणि मग ते आपोआप वाढतात. बुडख्यावरील बुरशी ही त्या अर्थाने सोडायची गोष्ट नाही. तणनाशकासारखीच ती प्रत्येक बुडख्याला लावावी लागते, आणि म्हणून मजुरीही लागते.

ट्रायकोडर्मा चालेल का?

हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कारण ट्रायकोडर्माची पुडी आता बहुतेकांच्या घरी असते. उत्तर स्पष्ट आहे, चालणार नाही. ट्रायकोडर्मा ही इतर बुरशींवर जगणारी, त्यांना मागे हटवणारी बुरशी आहे. मर आणि मूळकूज यांच्याविरुद्ध आपण ती वापरतो ती त्याच कारणासाठी. झाडाच्या जिवंत थराला ती मारत नाही. उलट फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात ग्रोक्लोद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रायकोडर्माचे बीजाणू छाटणीच्या कात्रीतूनच आलुबुखाराच्या ताज्या कापावर सोडले होते. रुपेरी पानाची बुरशी, म्हणजे हॉलंडमध्ये बुडखे मारणारी तीच बुरशी, आत शिरू नये हा त्यामागील उद्देश होता, आणि तो साधलाही. तेव्हा ताज्या बुडख्याला ट्रायकोडर्मा चोळणे म्हणजे चोराऐवजी राखणदार बसवणे आहे. बुडखा मरणे दूरच, तो कुजायलाही उशीर लागेल.

'बुडखे मारणारे जिवाणू' किंवा तत्सम नावाने कोणी बाटली विकायला आला तर लेबल वाचावे. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार जैविक तणनाशकालाही नोंदणी लागते. त्यावर नोंदणी क्रमांक, जिवाणूचे किंवा बुरशीचे पूर्ण शास्त्रीय नाव, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, आणि कोणत्या झाडासाठी शिफारस आहे हे छापलेले असले पाहिजे. नसेल तर पैसे खर्च करू नयेत. आज आपल्याकडे बुडख्यावरील धुमाऱ्यांसाठी शिफारस केलेले बुरशीजन्य उत्पादन नाही.

परदेशातून ती पेस्ट मागवण्याचा विचारही कोणी करू नये. जिवंत बुरशी परवानगीशिवाय देशात आणणे वनस्पती संगरोध आदेश, २००३ च्या विरुद्ध आहे. कायदा बाजूला ठेवला तरी शेतीशास्त्राच्या दृष्टीने ते धोक्याचे आहे. कॉन्ड्रोस्टेरियम ही थंड हवेची बुरशी आहे. मराठवाड्यातील उन्हाळ्यात बुडख्याच्या कापाचे तापमान काय होते याची आपल्याला कल्पना आहेच. तेथे ती टिकणार नाही. पण हिमाचल किंवा काश्मीरकडे, जेथे हवा तिला मानवते, तेथे सफरचंद, आलुबुखार, पीच आणि चेरीच्या बागा आहेत. एखाद्याच्या हौसेची बाटली कोठवर जाईल हे सांगता येत नाही.

तोवर आपल्या हाती काय आहे?

बुरशी नसली तरी बुरशीवरच्या संशोधनातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते, ती म्हणजे मुळांतील शिदोरीचे महत्त्व. आज ज्याला मलावी म्हणतात त्या न्यासालँडमध्ये १९३० च्या दशकात लीच यांनी चहाच्या मळ्यांसाठी एक पद्धत सांगितली. जंगल तोडून चहा लावला की जुन्या मुळांवर आर्मिलारिया ही मूळकुजीची बुरशी वाढून चहाला लागे. लीच यांनी झाड तोडण्याआधी त्याच्या सालीचे वलय काढून ठेवण्यास सांगितले. वलय काढले की पानांचे अन्न खाली उतरत नाही, मुळे मात्र पाणी वर पाठवत राहतात आणि स्वतःची शिदोरी खात राहतात. स्टार्च संपलेल्या मुळांवर आर्मिलारियाला बळ मिळत नाही, आणि साध्या कुजवणाऱ्या बुरशी आधी ताबा घेतात. अशा उपाशी मुळांत धुमारे काढण्याची ताकदही उरत नाही.

ही पद्धत सुबाभूळ किंवा निलगिरीच्या एकखोडी झाडावर आपल्यालाही करता येते. नाशिककडील द्राक्षबागायतदार गर्डलिंग करतात ते सालीची अगदी बारीक पट्टी काढून, आणि ती जखम काही आठवड्यांत भरून येते. आपल्याला ती भरू द्यायची नाही. म्हणून गुडघ्याच्या उंचीवर निदान अर्धा फूट रुंद साल संपूर्ण गोलाकार काढावी आणि खालचा निसरडा थर कोयत्याच्या धारेने खरवडून लाकूड कोरडे करावे. सालीची एक बोटभर पट्टी जरी राहिली तरी तेवढ्या वाटेने अन्न खाली जाते आणि सगळे श्रम वाया जातात. वलयाच्या खाली फुटणारे धुमारे दर पंधरा-वीस दिवसांनी ओरबाडून काढावेत. झाड पूर्ण वाळायला काही महिने, कधी वर्षही लागते. वाळलेले झाड वाऱ्यात कोसळते, तेव्हा घर, गोठा, रस्ता किंवा विजेची तार जवळ असेल तेथे ही पद्धत मुळीच वापरू नये.

झाड आधीच तोडून झाले असेल तर धुमाऱ्यांवर लक्ष ठेवणे एवढेच हाती राहते. कोवळा धुमारा सुरुवातीला शिदोरी खातो आणि पाने पक्व झाली की ती परत भरू लागतो. म्हणून वर्षातून एकदा मोठे फोक तोडण्यापेक्षा वीतभर धुमारे वारंवार काढणे अधिक परिणामकारक ठरते. कोयत्याने छाटू नयेत, हाताने बुडापासून ओरबाडावेत, म्हणजे डोळाही निघतो. सुबाभळीच्या बाबतीत शेळ्या हे काम फुकट करतात, मात्र सुबाभळीच्या पाल्यात मायमोसिन असल्याने तो एकूण चाऱ्याचा थोडाच भाग असावा. वेड्या बाभळीच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. तोडणीची वेळ निवडणे शक्य असेल तर नवी पालवी नुकतीच पूर्ण वाढलेली असताना तोडावे, कारण तेव्हा शिदोरी कमीत कमी असते. ग्लिरिसिडियासारखे झाड परत फुटायला हवे असेल तर हे टाळावे.

वेड्या बाभळीला वलय काढून भागत नाही. ती बुडापासूनच अनेक खोडांची असते आणि काट्यांमुळे जवळ जाणेही कठीण. पावसाळ्यात जमीन ओली असताना टिकावाने सुमारे एक फूट खोल जाऊन मान तोडून काढणे हाच खात्रीचा उपाय. लहान झाडे पहिल्याच वर्षी काढली तर एक माणूस दिवसात बरीच काढतो. दहा वर्षांच्या झाडाला तसे होत नाही, आणि म्हणून 'पुढच्या वर्षी पाहू' हे येथे महागात पडते. आंबा, चिंच, साग, जांभूळ यांसारखी अनुसूचीतील झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी महाराष्ट्र झाडतोड कायदा, १९६४ प्रमाणे परवानगी घेतल्याखेरीज तोडू नयेत किंवा त्यांची सालही काढू नये.

मेलेल्या बुडख्यावर धिंगरी

बुडखा एकदा मेला की तो कुजवण्याचे काम बुरशी आपल्याकडे आनंदाने करते, तिला ओल हवी. कुऱ्हाडीने किंवा करवतीने वर आडव्या-उभ्या खाचा पाडाव्यात, त्यांत शेणकाला भरावा, वर माती व पालापाचोळा घालून पावसाळ्याआधी झाकून टाकावे. कोरड्या भागात उरलेले काम वाळवी करते. तरी दोन-चार वर्षे लागतातच.

हौशी शेतकऱ्यांनी करून पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. धिंगरी आळिंबीची लागवड आज आपण काडावर, भुशावर करतो, पण तिच्या लागवडीची सुरुवातच झाडाच्या बुडख्यांवर झाली. जर्मनीत फाल्क यांनी १९१७ मध्ये बुडख्यांवर व ओंडक्यांवर तिचे तंतू लावून पीक घेतले होते. मऊ लाकडाच्या, सावलीतील, नुकत्याच मेलेल्या बुडख्याला ड्रिल मशीनने बोटभर खोल छिद्रे पाडून त्यांत ताजे धिंगरीचे बियाणे भरावे, तोंडे मेणाने बंद करावीत आणि गोणपाट ओले ठेवावे. आळिंबी आलीच तर ती उशिरा आणि बेताची येईल. याकडे उत्पन्न म्हणून पाहू नये, ही शिफारसही समजू नये. धिंगरीने जिवंत बुडख्याचे धुमारे थांबत नाहीत, ती मेलेले लाकूड खाणारी आहे. आणि एक ताकीद. त्याच बुडख्यावर हवेतून आलेली दुसरी भूछत्रेही उगवतील. त्यांतली काही विषारी असू शकतात. लावलेली धिंगरीच आहे याची जाणकाराकडून खात्री केल्याशिवाय एकही भूछत्र घरात नेऊ नये.

शेवटी कोकणातील व बागायती पट्ट्यातील शेतकऱ्यांसाठी एक महत्त्वाची बाब. प्रत्येक बुडखा कुजत ठेवणे योग्य नसते. बाभूळ, खैर, शिसू, सुपारी, नारळ यांच्या मुळांवर गॅनोडर्मा ही बुरशी वाढते. बुडख्याच्या तळाशी तांबूस-तपकिरी, वरून रोगण लावल्यासारखे चकाकणारे, अर्धगोल, कडक असे फळ दिसले की ती ओळखावी. याच कुळातील बुरशीने नारळावरील तंजावूर मर रोग होतो. तमिळनाडूत तो १९५२ मध्ये प्रथम लक्षात आला आणि तेथून तो पसरत गेला. नारळ, सुपारीच्या बागेत अशा रोगाने मेलेल्या झाडाचा बुडखा कुजायला ठेवणे म्हणजे शेजारच्या झाडांच्या मुळांशी रोगाचे कोठार ठेवणे होय. तो मुळांसकट खणून जागेवरच जाळावा. मूळ सगळे निघत नसेल तर भोवती २ फूट खोल व १ फूट रुंद चर काढून ठेवावा, म्हणजे मुळांचा संपर्क तुटतो. त्या चरातील पाणी दुसऱ्या झाडांकडे वाहू देऊ नये. शेजारच्या निरोगी माडांना दरवर्षी प्रत्येकी ५ किलो निंबोळी पेंड द्यावी. ट्रायकोडर्माचा उपयोग करायचा तो येथे, या पेंडीत मिसळून.